सुरकुत्यांचं नंतर बघू, आधी ती ट्यूब दाखवा

सोलापूरहून एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आहे. वय 41. सकाळची शाळा, स्कूटीवर जाऊन-येऊन 18 किलोमीटर. कपाळावर आडव्या रेघा, दोन भुवयांच्या मध्ये उभी आठी आणि हसलं की डोळ्यांच्या कडेला बारीक जाळं. पार्लरवालीने दहा सिटिंगचं ‘अँटी-एजिंग’ पॅकेज सांगितलंय. पुण्याच्या नणंदेने बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) केलंय आणि तिचं म्हणणं, आत्ताच सुरू कर, नंतर काही उपयोग नाही. दीड महिन्यावर भाचीचं लग्न आलंय. काय करू, कुठून सुरू करू? आणि सगळं लिहून झाल्यावर जाता जाता एक ओळ : ‘सध्या रात्री बहिणीने दिलेली एक क्रीम लावते, चेहरा छान उजळतो, पण दोन दिवस नाही लावली तर लाल होऊन खाजतो.’

ताई, मी या शेवटच्या ओळीपासून सुरू करते, कारण बाकी सगळं तिच्यावर अडलंय.

लावली की उजळ, सोडली की लाल, हे वर्णन मी ओपीडीत इतक्या वेळा ऐकलंय की ट्यूब न बघताही अंदाज येतो. तिच्यात स्टिरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं एखादं नाव दिसलं तर ती सौंदर्याची क्रीम नव्हे, औषध आहे. बहुतेक वेळा तीन औषधांचं मिश्रण असतं : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. वांगावर, थोडे आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली हे मिश्रण उत्तम काम करतं. पण आपल्याकडे ते ‘गोरं होण्याची क्रीम’ म्हणून बहिणीकडून बहिणीकडे, जावेकडून जावेकडे जातं आणि वर्षानुवर्षं लावलं जातं. 2018 पासून अशा स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. तरी मेडिकलच्या काउंटरवर नाव सांगितलं की मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

स्टिरॉइडने पहिले काही आठवडे कातडी गुळगुळीत, नितळ दिसते. मग ती पातळ होत जाते. केशवाहिन्या दिसायला लागतात, हनुवटीवर लव वाढते, पुरळ येतं, उन्हात गेलं की चेहरा भाजल्यासारखा होतो. कातडीला ताठपणा देणारं कोलॅजन तयार होणंच मंदावतं. म्हणजे ज्या सुरकुत्या टाळायला तुम्ही निघालात, त्यांची सोय ही ट्यूब रोज रात्री करून ठेवते. पण एकदम फेकूनही देऊ नका. अचानक सोडली तर चेहरा असा पेटतो की घाबरून माणूस पुन्हा तीच क्रीम लावतो. जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, ते ती टप्प्याटप्प्याने उतरवतील. तोवर पार्लर, पील (म्हणजे आम्लाने वरची कातडी सोलणं), लेझर, सुई, काहीही नको.

आता सुरकुत्या. उद्या सकाळी आठ-नऊच्या सुमाराला हातात छोटा आरसा घेऊन खिडकीशी उभ्या राहा. बाथरूमच्या दिव्याखाली नको, तिथे सगळेच बरे तरी दिसतात नाहीतर भुतासारखे. चेहरा सैल सोडा, हसू नका, कपाळ उचलू नका. आता ज्या रेघा दिसतात त्या पक्क्या बसलेल्या. मग भुवया वर उचला, आठी घाला, डोळे मिचकावून हसा. नव्याने उमटल्या आणि चेहरा सैल सोडल्यावर गेल्या, त्या स्नायूंच्या. तिसरा प्रकार डोळ्यांखाली आणि गालावर बघा : चुरगाळलेल्या टिशू पेपरसारखी बारीक जाळी, सोबत ठिपके, काळपटपणा. हे उन्हाचं काम. आणि चौथा म्हणजे नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी घडी. ती मुळात सुरकुतीच नाही. गालाची चरबी आणि खालचं हाड वयाने बसतं, वरची कातडी सैल पडते आणि तिची घडी होते.

या चारांचे उपाय चार वेगळे. गोंधळ होतो तो इथेच. उन्हाच्या जाळीवर बोटॉक्स करून काही होत नाही आणि स्नायूच्या आठीवर हजारोंची क्रीम लावून काही होत नाही. पार्लरच्या पॅकेजमध्ये हा प्रश्न कुणी विचारतच नाही, तुमची रेघ नेमकी कुठली.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट न बघताही सांगते. 41 वर्षं, शिक्षिका, वह्यांचे गठ्ठे. वही हात लांब करून धरता का? मोबाइल वाचताना डोळे बारीक होतात? मग दोन भुवयांमधल्या त्या आठीवर पहिला उपाय चष्म्याच्या दुकानात आहे. चाळिशी लागलीय आणि ती लावायची लाज वाटते, म्हणून दिवसाला शेकडो वेळा कपाळ आक्रसणाऱ्या बायका (आणि पुरुषही, ते तर जास्तच) माझ्याकडे बोटॉक्सची चौकशी करायला येतात. मी आधी डोळे तपासून यायला सांगते. काहीजणी रागावतात.

आता ऊन. सुरकुत्या टाळण्याचा सगळ्यात मोठा वाटा इथे आहे, म्हणून जरा रेंगाळते. उन्हातले यूव्हीबी किरण कातडी भाजतात, ते आपल्याला कळतं. यूव्हीए भाजत नाहीत, ढगातून येतात, खिडकीच्या साध्या काचेतून येतात, हिवाळ्यातही असतात आणि कातडीच्या आतल्या थरापर्यंत पोचतात. तिथे ते कोलॅजन तोडणारी द्रव्यं जागी करतात. रोज थोडं थोडं, न दुखता. 2012 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका 69 वर्षांच्या अमेरिकन ट्रकचालकाचा फोटो छापून आला. 28 वर्षं ट्रक चालवलेला माणूस. चेहऱ्याची डावी बाजू, म्हणजे खिडकीकडची, उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी : जाड, लोंबलेली, खोल खाचांची. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून जुन्या ड्रायव्हर मंडळींचा उजवा गाल बघा. मी प्रवासात नेहमी बघते. नवऱ्याच्या मते ही वाईट सवय आहे.

आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला मेलॅनिनचं, म्हणजे कातडीतल्या रंगद्रव्याचं, थोडं संरक्षण आहे. गोऱ्या लोकांना तिशीत दिसायला लागणारी जाळी आपल्याकडे बहुधा काही वर्षं उशिरा येते. पण आपल्याला आधी वांग, डाग आणि काळपटपणा येतो. त्यामुळे वय दिसतं ते रेघेपेक्षा रंगातून. ‘मी सुकलेली दिसते’ असं सांगत येणाऱ्या बऱ्याच जणींना खरं तर डाग असतात.

सनस्क्रीनने सुरकुत्या टळतात हे जाहिरातीतलं वाक्य नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या नॅम्बोर गावात 55 वर्षांखालच्या 903 जणांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला. निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, निम्म्यांना मर्जीनुसार. 2013 साली निकाल छापून आला : रोज लावणाऱ्यांच्या कातडीचं वय वाढणं 24 टक्क्यांनी कमी होतं. तेही ऑस्ट्रेलियाच्या उन्हात.

फक्त ती लावायची पद्धत आपली चुकते. सनस्क्रीन यूव्हीबी किती अडवते ते सांगणारा एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत काढतात तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम एवढा जाड थर असतो. आपण त्याच्या निम्मा किंवा पावच लावतो. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढा. एवढी क्रीम चेहरा आणि मानेला लागते. पहिल्यांदा बघाल तर ‘बापरे’ म्हणाल. एसपीएफ 30 सुमारे 97 टक्के यूव्हीबी अडवते आणि 50 सुमारे 98 टक्के, त्यावर भांडू नका. ट्यूबवर यूव्हीएसाठी पीए आणि पुढे तीन-चार अधिकचिन्हं आहेत का ते बघा. वांग असेल तर रंगीत, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन घ्या. त्यातल्या आयर्न ऑक्साइडमुळे साधा दिसणारा प्रकाशही अडतो आणि आपल्या कातडीत डाग गडद करण्यात त्याचाही हात असतो. तुम्ही सकाळी निघताना लावता, पण शाळा सुटून परत येता ते सोलापूरच्या साडेबाराच्या उन्हात. सकाळची क्रीम तोवर घामाने गेलेली असते. पर्समध्ये छोटी ट्यूब ठेवा आणि निघण्यापूर्वी स्टाफरूममध्ये पुन्हा लावा.

आणि स्कार्फ. पुण्या-सोलापूरच्या मुली स्कूटीवर बसताना तोंडाला गुंडाळतात तो. लोक त्यावर विनोद करतात. घट्ट विणीच्या सुती कापडाचा असेल तर माझ्या मते तो निम्म्या सनस्क्रीनपेक्षा बरा. पण त्यातून उघडं काय राहतं? डोळे. तुमचं जाळं नेमकं तिथेच आहे. गॉगल लावा, कडेने बंद असलेला. उन्हात डोळे किलकिले करावे लागत नाहीत हा दुसरा फायदा.

दिवसाचं झालं, आता रात्रीचं. सुरकुत्यांवर लावायच्या औषधांत ज्याच्यामागे सगळ्यात भक्कम पुरावा आहे ते ट्रेटिनॉइन, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं. मूळचं मुरुमांचं औषध. पेनसिल्व्हेनियातले डॉक्टर अल्बर्ट क्लिगमन ते मुरुमांसाठी देत होते, तेव्हा वयाने मोठ्या बायका सांगायला लागल्या की मुरुमांचं राहू द्या, कातडी मऊ झाली, रेघा कमी दिसतात. 1986 साली त्यांनी यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि 1995 मध्ये अमेरिकेत बारीक सुरकुत्यांसाठी त्याला मान्यता मिळाली. गंमत अशी की तुमच्या बहिणीच्या ट्यूबमध्ये बहुधा असलेल्या तीन औषधांच्या मिश्रणाचं मूळही याच क्लिगमनचं, 1975 सालचं. एकाच माणसाच्या दोन देणग्या. एक आपण चुकीची वापरतो आणि दुसरी वापरायला घाबरतो.

भीती का, तर पहिल्या महिन्यात कातडी सोलते. ती सोलणारच, पण सहन होईल इतपत. पद्धत अशी : 0.025 टक्क्यांपासून सुरुवात. रात्री तोंड धुवा, पुसा आणि वीस मिनिटं थांबा; ओल्या चेहऱ्यावर जास्त झोंबतं. वाटाण्याएवढी क्रीम, पूर्ण चेहऱ्याला मिळून. कपाळ, दोन गाल, हनुवटी असे ठिपके द्या आणि पसरवा. नाकपुड्यांच्या खाचा, ओठांचे कोपरे आणि पापण्या सोडा. वरून मॉइश्चरायझर. फार नाजूक कातडी असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध, मग पुन्हा मॉइश्चरायझर. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, मग एक रात्र सोडून एक. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात ‘डॉक्टर, उलट चेहरा खराब झाला’ असा फोन येतो, तो मी गृहीतच धरलेला असतो.

यात कुणी न सांगितलेली एक गोष्ट : ट्रेटिनॉइन चालू असताना वरच्या ओठाला किंवा कपाळाला वॅक्स केलं तर वॅक्सबरोबर कातडीही निघते. खरंच निघते, लाल ओली पट्टी राहते आणि पुढे महिनाभर काळा डाग. थ्रेडिंगलासुद्धा आधी चार-पाच दिवस औषध बंद ठेवा आणि पार्लरवालीला सांगा. ब्लीच तर नकोच. गरोदरपणी, दिवस राहावेत असं ठरवत असाल तर, आणि अंगावर पाजत असाल तरी हे औषध चालत नाही. दुकानात मिळणारं रेटिनॉल हे त्याचंच सौम्य भावंड. कातडीत त्याचं रूपांतर होत होत थोडंच औषध तयार होतं, म्हणून त्रास कमी आणि गुणही हळू. तुमची कातडी स्टिरॉइडमधून बाहेर पडायची आहे, तेव्हा हे सगळं डॉक्टर हो म्हणाल्यावरच.

बाकीचं भराभर सांगते. ‘क’ जीवनसत्त्वाचं सीरम सकाळी सनस्क्रीनखाली लावलं तर मदत होते; बाटलीतलं गडद तपकिरी झालं की टाकून द्या. कोलॅजनची पावडर पोटात पचते, तिच्यावर महिन्याला दोन हजार घालवण्यापेक्षा डाळ, अंडी, दूध वाढवा. भरपूर पाणी पिऊन सुरकुत्या जात नाहीत. लिंबू चेहऱ्याला चोळून उन्हात जाऊ नका, काळे डाग पडतात. मुलतानी मातीने कोरडी कातडी आणखी कोरडी होते. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर त्यांच्या ओठांभोवतीच्या उभ्या रेघा एकदा बघून घ्या. आणि पाळी जायच्या वयात एक गोष्ट लक्षात असू द्या : पाळी गेल्यावर पहिल्या पाचेक वर्षांत कातडीतलं सुमारे 30 टक्के कोलॅजन कमी होतं, म्हणून मैत्रिणी म्हणतात तसं ‘एकदम’ वय दिसतं. तिथवर जायच्या आधीची ही वर्षं उन्हापासून जपायची आणि ट्रेटिनॉइन नेमाने लावायची आहेत.

पार्लरच्या फेशियलने दोन दिवस चमक येते. मसाजने रक्त खेळतं, क्रीमने ओलावा येतो, डोळे मिटून तासभर पडायला मिळतं. त्यासाठी जरूर जा. दहा सिटिंगचे पैसे आधी भरू नका.

नणंदेचं बोटॉक्स. ‘आत्ता नाही केलं तर उपयोग नाही’ हे खरं नाही. व्हँकूव्हरच्या डॉक्टर जीन कॅरुथर्स नेत्रतज्ज्ञ. पापण्या फडफडण्याच्या आजारावर त्या हे इंजेक्शन देत असत. एका बाईंनी तक्रार केली की या वेळी भुवयांमध्ये का नाही दिलंत, तिथे दिलं की माझा चेहरा शांत दिसतो. जीन यांचे पती त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून 1992 मध्ये पहिला लेख लिहिला आणि 2002 साली भुवयांमधल्या आठीसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे हे औषध स्नायूंच्या रेघांचं. भुवयांमधली आठी, कपाळ, डोळ्यांच्या कडा, एवढ्यासाठी उत्तम.

खुर्चीत काय होतं ते सांगते. मी पेशंटला आठी घालायला सांगते आणि बोटाने स्नायू कुठे फुगतो ते चाचपते. पांढऱ्या पेन्सिलने पाच ठिपके. बारीक सुई, मुंगी चावल्यासारखं पाच वेळा. भुवयांमध्ये बहुधा 20 युनिट. चार तास आडवं व्हायचं नाही, चोळायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी परिणाम सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि तीन-चार महिन्यांनी उतरतो. उतरल्यावर चेहरा आधीपेक्षा वाईट होत नाही, फक्त आधीसारखा होतो. कपाळाच्या बाबतीत एक खोच आहे : भुवया वर उचलणारा स्नायू एकटा तोच, खाली ओढणारे बरेच. पॅकेजात ‘फक्त कपाळ’ स्वस्तात घेतलं आणि स्नायू जास्त सैल केला तर भुवया खाली बसतात, डोळे जड दिसतात. शाळेत मुलं विचारतील, बाई झोप झाली नाही का. म्हणून किंमत विचारताना ‘किती युनिट, कुठल्या कंपनीचं, बाटली माझ्यासमोर दाखवाल का’ हेही विचारा. फार स्वस्त असेल तर पाणी जास्त घातलेलं असू शकतं. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असलेल्यांनी यापासून लांब राहावं.

आधीपासून करत राहिलं तर रेघा खोल बसत नाहीत हे खरं. 2006 साली जुळ्या बहिणींची एक नोंद छापून आली. एकीने तेरा वर्षं नियमित घेतलं, दुसरीने दोनदाच. फरक फोटोत दिसतो. पण ती एकच जोडी. तुमची आठी खिडकीशी, चेहरा सैल असताना दिसत नसेल तर घाई नाही. दिसत असेल आणि खुपत असेल तर जरूर करा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

फिलरबद्दल, म्हणजे कातडीखाली भरायच्या जेलबद्दल, कमीच बोलते, कारण तुम्हाला त्याची आज गरज नाही. ते बसलेल्या गालांसाठी. हायलुरोनिक ॲसिडचं जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. म्हणून जिथे ते विरघळवणारं हायलुरोनिडेज फ्रिजमध्ये तयार नाही, तिथे फिलर करून घेऊ नका. पार्लरमध्ये तर मुळीच नाही.

पील आणि लेझरवर माझ्या हातून झालेली चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीची वर्षं. एप्रिल महिना, शेतावर जाणारी बाई, चेहऱ्यावर ताजं टॅन. त्यांना लग्नाआधी चेहरा उजळून हवा होता आणि मला नाही म्हणता आलं नाही. ग्लायकोलिक पील केलं, त्या काळी मला योग्य वाटलेल्या ताकदीचं. दहा दिवसांनी दोन्ही गालांवर कोळशासारखे पट्टे घेऊन आल्या. लग्न तसंच पार पडलं, डाग जायला आठ महिने लागले. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, तेच जास्त लागलं. आपली कातडी दुखावली की काळी पडते. गोऱ्या कातडीसाठी लिहिलेली लेझरची सेटिंग आपल्याला जशीच्या तशी चालत नाही. तेव्हापासून मी उन्हाळ्यात ताकदीचं पील करत नाही, टॅनवर करत नाही, आणि आधी सहा आठवडे सनस्क्रीन लावून दाखवल्याशिवाय कुणाच्या चेहऱ्याला हात लावत नाही.

आता तुमचं लग्नघर. दीड महिन्यात ट्रेटिनॉइन सुरू करू नका, ऐन हळदीला चेहरा सोलेल. ते लग्नानंतर. आत्ता फक्त स्टिरॉइड उतरवणं, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि चाळिशीचा चष्मा. डॉक्टरांनी कातडी शांत झाली म्हटलं आणि आठी घालवायचीच असेल, तर बोटॉक्स लग्नाच्या तीन-चार आठवडे आधी. शेवटच्या पंधरा दिवसांत चेहऱ्याला नवं काहीही लागता कामा नये, मग ते करवलीने कितीही प्रेमाने आणलेलं असो.

आणि डॉक्टरांकडे जाताना ती एकच ट्यूब नेऊ नका. चेहऱ्याला लागतं ते सगळं एका पिशवीत घाला : बेसिनवरचं, ड्रेसिंग टेबलच्या खणातलं, पर्समधलं. बहिणीलाही सोबत न्या. क्रीम तिने दिली म्हणजे तीही लावतच असणार.